पाकोळी आणि भिंगरीवर कस लावून पाहिलेली ८×४२ दुर्बीण

दुर्बिणीचे रिव्ह्यू मी आवडीने वाचते आणि त्यात एक गोष्ट कायम खटकते, सगळेजण दुर्बीण बसलेल्या पक्ष्यावर तपासतात. फांदीवर खंड्या बसलाय, चोच स्पष्ट दिसली, डोळ्यातली चमक दिसली की लगेच पाच स्टार. अहो, बसलेला पक्षी कुठल्याही बऱ्या दुर्बिणीतून छानच दिसतो. खरा कस लागतो तो उडत्या पक्ष्यावर, आणि उडताही घारीसारखा नको, घार आपली संथपणे गिरक्या घेत असते, तिला पकडायला वेळच वेळ मिळतो. कस लावायचा तर पाकोळी आणि भिंगरीवर लावा. दोघी सतत हवेत, दोघी किड्यांच्या मागे सारख्या वळणार, लांबून दोघी काळ्या आणि टोकदार पंखांच्या दिसणार, आणि कुळं मात्र पूर्ण वेगळी. ज्या दुर्बिणीतून या दोघी उडताना वेगळ्या ओळखता येतात ती घ्यावी, बाकीचे आकडे नंतर बघावेत.

मी वापरते ती ८×४२. म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. रूफ प्रिझम (म्हणजे आतले प्रिझम असे बसवलेले की दुर्बिणीच्या नळ्या सरळ राहतात), ईडी काच (रंगीत किनार कमी करणारी खास काच), आत नायट्रोजन भरलेला त्यामुळे दमट हवेत आतून वाफ धरत नाही, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण खाली थोड्या तक्रारीही आहेत, आणि जे लिहिणार आहे ते या मापाच्या बहुतेक चांगल्या दुर्बिणींना लागू पडेल. माझ्याकडे त्याच कंपनीची १०×४२ पण आहे त्यामुळे दोन्ही गळ्यात अडकवून एकाच जागी उभं राहून तुलना करता आली. माझं मत आधीच सांगून टाकते, या दोन पक्ष्यांसाठी आठ पटच घ्या, आणि विकत घेताना किती मोठं दिसतं हे बघण्याआधी किती रुंद दिसतं आणि फोकसचं चाक किती भरभर फिरतं हे बघा.

आता पक्ष्यांबद्दल, कारण नेमकं काय बघायचंय हे कळल्याशिवाय दुर्बिणीबद्दल बोलण्यात अर्थ नाही. पाकोळी म्हणजे इथे मी घरपाकोळी धरलीय, एपस अफिनिस, आणि भिंगरी म्हणजे माळभिंगरी, हिरुंडो रस्टिका, जगात सगळ्यात जास्त पसरलेली भिंगरी हीच. पाकोळी अपोडिडी कुळातली, आणि तिचे नातेवाईक कोण तर हमिंगबर्ड. भिंगरी हिरुंडिनिडी कुळातली, म्हणजे चिमणी, बुलबुल, दयाळ या सगळ्यांच्या मोठ्या गोतावळ्यातली. नात्याने बघितलं तर भिंगरी ही पाकोळीपेक्षा कावळ्याला जवळची आहे! दोघी सारख्या दिसायला लागल्या त्या कामामुळे. उडता उडता किडे खाऊन पोट भरायचं तर पंख लांब आणि टोकदार लागतात, चोच इवलीशी पण तोंडाची फट मोठी लागते, अंग सडपातळ लागतं, आणि हे सगळं दोन्ही कुळांत आपापलं स्वतंत्रपणे घडत गेलं. लिनियसनेसुद्धा १७५८ मध्ये युरोपातल्या साध्या पाकोळीला नाव दिलं ते हिरुंडो एपस, म्हणजे सरळ भिंगऱ्यांच्याच खात्यात टाकली होती. एपस ही वेगळी प्रजाती (म्हणजे जीनस) स्कोपोली या निसर्गशास्त्रज्ञाने १७७७ मध्ये केली. तेव्हा लांबून बघून गोंधळ झाला तर वाईट वाटून घेऊ नका.

एक फरक असा आहे की त्याला दुर्बीणच लागत नाही. तारेवर ओळीने बसलेल्या असतील तर त्या भिंगऱ्या, विषय संपला. पाकोळीचे पाय अगदी आखूड, बोटं पुढच्या बाजूला वळलेली, नख्या तीक्ष्ण, त्यामुळे खडबडीत उभ्या भिंतीला लटकायला ते पाय उत्तम पण तार किंवा फांदी धरून बसता येत नाही. भिंगरीची तीन बोटं पुढे आणि एक मागे, बाकी गाणाऱ्या पक्ष्यांसारखी, म्हणून ती तारेवर आरामात बसून पिसं साफ करते. आणि घरटं बांधायच्या दिवसात ती चिखलात पण उतरते. हे दृश्य दुर्बिणीतून जरूर बघा. ओल्या काठावर एक भिंगरी उतरली, आखूड पायांनी दोन पावलं टाकली, चोच चिखलात खुपसून छोटासा गोळा उचलला, त्यात वाळक्या गवताची काडी अडकलेली, आणि त्या चिखलाच्या वरच कपाळाचा आणि घशाचा तांबूस रंग, घशाखाली गडद निळा पट्टा, पाठ वळली की ऊन पडून निळी झळकते. माझी ८×४२ दोन मीटरपर्यंत फोकस होते त्यामुळे जवळ आलेली भिंगरी पण धूसर होत नाही. पाकोळी अशी काठावर कधी दिसणार नाही, ती घरट्याचं सामानसुद्धा हवेतच गोळा करते, तरंगणारी पिसं, वाळक्या काड्या, आणि ते सगळं स्वतःच्या थुंकीने चिकटवते. छताखाली, पुलाखाली, कमानीत अशी पिसांची घरटी एकमेकांना लागून गर्दीने असतील तर ती पाकोळ्यांची वसाहत, आणि चिखलाच्या गोळ्यांची उघडी अर्धी वाटी भिंतीला चिकटवलेली असेल तर ती भिंगरीची.

पण बसलेली भिंगरी आणि रिकामं घरटं हे सोपे पेपर झाले. अवघड आहे ते आकाशात फिरणारा काळा ठिपका बघून ठरवणं, आणि दुर्बिणीची परीक्षा तिथे आहे.

बहुतेक लोक सांगतात की शेपटी बघा, भिंगरीची शेपटी खोल दुभागलेली, कडेची दोन पिसं तारेसारखी लांब, आणि घरपाकोळीची शेपटी आखूड, चौकोनी. बरोबर आहे, पण यावर विसंबू नका. भिंगरीच्या त्या वर्षीच्या पिल्लांना लांब पिसं नसतात, पिसं बदलायच्या काळात मोठ्यांचीही ती गळालेली किंवा अर्धवट वाढलेली असतात, आणि भर वेगात जाणारी भिंगरी शेपटी मिटून घेते तेव्हा ती दुभागलेली आहे हे कळतच नाही. मग लोक रंगावर जातात. घरपाकोळीच्या कमरेवर पांढरा पट्टा असतो आणि तो बाजूंवरही थोडा उतरतो, घसा पांढरा, बाकी सगळं काळपट. पण पांढरी कंबर भिंगरीच्या कुळातल्या हाऊस मार्टिनचीही असते, फरक एवढाच की तिचं पोटही पांढरं आणि पाकोळीचं पोट काळं. म्हणजे रंगाने ठरवायचं तर वरची बाजू आणि खालची बाजू दोन्ही दिसायला पाहिजेत, आणि तेवढा वेळ पक्षी देईलच असं नाही.

खात्रीचा फरक आहे तो पंखात. पाकोळीच्या पंखात दंडाचं हाड फार आखूड असतं आणि हाताचा भाग खूप लांब, त्यामुळे मनगटाचा सांधा जवळजवळ अंगाला चिकटलेला असतो आणि तिथून पुढे पंख एकच कोयता असल्यासारखा सलग वळलेला दिसतो. मध्ये कुठे कोपर नाही, मोड नाही. भिंगरीचा पंख अंगाजवळ रुंद, मग थोडं पुढे मनगटाशी स्पष्ट मोडतो आणि तिथून मागे वळतो. हे चित्रात बघितलं की वाटतं यात काय एवढं, पण प्रत्यक्षात आकाशात हा मोड दिसायला पक्षी किमान एक पूर्ण सेकंद धारदार फोकसमध्ये आणि चौकटीच्या आत राहायला लागतो. आणि त्या एका सेकंदात उडण्याची ढब पण दिसते, जी मला पंखाच्या आकाराइतकीच भरवशाची वाटते. पाकोळी पंख ताठ ठेवून भराभर फडफडवते आणि मग ते तसेच ताणून लांबवर तरंगत जाते. भिंगरीची फडफड सैल असते, प्रत्येक फटक्याच्या शेवटी ती पंखांची टोकं मागे ओढून घेते, जरा तरंगते, लगेच वळते, खाली झेपावते. पाकोळी उडताना डावा-उजवा पंख आळीपाळीने हलवते असं वाटतं, तो आपल्या डोळ्यांना होणारा भास आहे, ती सारखी अंग एका बाजूला कलवत असते म्हणून तसं दिसतं. दोन्ही पंख एकदमच हलतात. चांगल्या दुर्बिणीतून एखादी पाकोळी नीट पकडून काही वेळ मागे मागे गेलात तर हा भास कमी होतो, मला तरी तसा अनुभव आलाय.

आता आकड्यांवर येते. माझ्या ८×४२ मध्ये हजार मीटरवर १४० मीटर रुंदीचं दृश्य मावतं, १०×४२ मध्ये ११०. हा आकडा बहुतेक वेळा दुर्बिणीवरच लिहिलेला असतो, कधी मीटरमध्ये तर कधी अंशांमध्ये, १४० मीटर म्हणजे साधारण ८ अंश. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण हिशेब करून बघा. पक्षी १०० मीटरवर आहे, तर आठ पटीत १४ मीटरची चौकट मिळते आणि दहा पटीत ११ मीटरची. भिंगरी सेकंदाला १० मीटरने समोरून आडवी गेली असं धरू, आठ पटीत ती १.४ सेकंद चौकटीत राहील, दहा पटीत १.१. पाकोळी दुप्पट वेगाने गेली तर ०.७ सेकंद आणि ०.५५ सेकंद. आणि पाकोळीच्या कुळाचा वेग हलक्यात घेऊ नका, साध्या पाकोळीचा पंख हलवत सरळ उडतानाचा वेग शास्त्रज्ञांनी तासाला १११ किलोमीटरच्या वर मोजलाय. त्या वेगाने आडवी गेली तर आठ पटीतसुद्धा तुम्हाला अर्धा सेकंदही मिळत नाही. अर्थात आपण दुर्बीण पक्ष्याबरोबर फिरवत असतो, एका जागी धरून ठेवत नाही, पण मुळात पक्षी चौकटीत सापडणं आणि त्याने अचानक वळण घेतलं तरी निसटून न जाणं हे दोन्ही त्या रुंदीवरच अवलंबून. भिंगरी पाण्यावरून खालून जाताना असं वळते की १०×४२ मधून ती दर दोन-तीन वळणांनी हातची जाते, आठ पटीतून बऱ्याचदा ती कडेला का होईना पण आत राहते, मग हात पोचतोच तिच्यापर्यंत.

कडेचा विषय निघालाच आहे तर सांगते, रुंदी जास्त पण कडा धूसर अशा दुर्बिणी पण असतात आणि तिथे आकडा फसवतो. माझ्या दुर्बिणीत मधला साधारण तीन चतुर्थांश भाग छान धारदार आहे, अगदी कडेला प्रतिमा थोडी मऊ होते. बसलेल्या पक्ष्यासाठी कोणी कड बघत नाही कारण तो मध्येच ठेवता येतो. पण पाकोळ्यांचा घोळका बघताना एक मध्ये असते आणि पाच कडेला असतात, आणि त्यातली एखादी पांढऱ्या पोटाची मार्टिन आहे का हे कडेलाच शोधायचं असतं. याबाबतीत मी माझ्या दुर्बिणीला दहापैकी सात देईन, खूप चांगली म्हणता येणार नाही.

फोकसच्या चाकाबद्दल मात्र मनापासून बोलायचंय कारण या बाबतीत ही दुर्बीण फारच सरस आहे. अगदी जवळच्या फोकसपासून अनंतापर्यंत साधारण सव्वा फेऱ्यात काम होतं, चाक मऊ फिरतं, आणि दिशा बदलली की मध्ये पोकळ जागा लागत नाही, म्हणजे तुम्ही बोट उलटं फिरवलं की लगेच फोकसही उलटा फिरतो. स्वस्तातल्या दुर्बिणींमध्ये ही पोकळ जागा हमखास असते, बोट फिरतं पण फोकस हलत नाही, आणि तेवढ्यात भिंगरी तीस मीटरवरून दहा मीटरवर आलेली असते. भिंगरी खालून उडते ना, गवतावरून, पाण्यावरून, बघणाऱ्याच्या गुडघ्याच्या उंचीवरून, त्यामुळे तिचं अंतर सतत बदलत असतं आणि फोकस सतत फिरवत राहावा लागतो. पाकोळीचं उलट, ती बहुतेक वेळा वर असते, शंभर दीडशे मीटरवर फिरत असते, तिथे एकदा फोकस लावला की बराच वेळ तसाच चालतो. म्हणजे एकाच दुर्बिणीकडून या दोन पक्ष्यांना दोन वेगळ्या गोष्टी हव्यात, भिंगरीला चपळ फोकस आणि पाकोळीला रुंद, स्वच्छ आकाश. आठ पटीचा अजून एक फायदा इथे होतो, तिच्यात जास्त खोलीपर्यंत सगळं एकदम स्पष्ट राहतं, म्हणून फोकस थोडा चुकला तरी पक्षी ओळखण्याइतका दिसतो. दहा पटीत तेवढी सूट मिळत नाही.

ईडी काच घ्यावी का हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पाकोळ्या बघत असाल तर होय, घ्या. कारण काळा पक्षी आणि त्याच्यामागे पांढरंफटक आकाश यापेक्षा काचेची कठीण परीक्षा नसते. साध्या काचेत पक्ष्याच्या एका कडेला जांभळी आणि दुसऱ्या कडेला हिरवी किनार येते, आणि ती किनार पंखाच्या कडेवरच येते म्हणजे नेमका जो आकार बघायचाय तोच खराब होतो. घरपाकोळीच्या कमरेचा पांढरा पट्टा पण अशा वेळी कडेने खाल्ल्यासारखा दिसतो. माझ्या दुर्बिणीत मधोमध जवळजवळ किनार येत नाही, कडेला थोडी येते. ढगाळ हवेत फरक जास्त जाणवतो, निळ्या आकाशात कमी. आणि ऊन तिरपं असलं की पाकोळी वळताना क्षणभर तो पांढरा पट्टा लख्ख उजळतो, मग परत सगळी काळी, परत वळली की परत उजळतो. घोळका वळला की एकामागून एक पट्टे उजळत जातात आणि वरून त्यांचा तो चिरका किलबिलाट सुरूच असतो. दुर्बीण डोळ्याला लावून हे बघत उभं राहणं यात जो आनंद आहे तो मला दुसऱ्या कुठल्या पक्ष्याने दिलेला नाही, खरंच सांगते.

इथे एक सावधगिरीची गोष्ट, अगदी गंभीरपणे. पाकोळ्यांच्या मागे दुर्बीण फिरवताना सूर्य कुठे आहे हे आधी बघून ठेवा आणि सूर्य इमारतीच्या किंवा झाडाच्या आड येईल असे उभे राहा. पक्षी सूर्याच्या दिशेने गेला तर दुर्बीण लगेच खाली, मागे जायचं नाही. दुर्बिणीतून सूर्य बघितला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, आणि उडत्या पक्ष्याच्या मागे लागलेल्या माणसाचं तिकडे लक्ष नसतं. लहान मुलांच्या हातात देताना तर आधी सावलीत उभं करा.

तिन्हीसांजेला काय होतं ते पण सांगायला पाहिजे. ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५ मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात जातो, १०×४२ मध्ये तो ४.२ चा असतो. भर दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते त्यामुळे फरक कळत नाही, पण अंधार पडायला लागला की बाहुली मोठी होते आणि आठ पटीतलं चित्र उजळ वाटायला लागतं. भिंगऱ्या घरट्यांचा काळ नसताना रात्री मुक्कामाला लव्हाळ्यात, उंच गवतात, तारांवर मोठ्या संख्येने जमतात, आणि त्या येतात नेमक्या संधिप्रकाशात. त्या वेळी आठ पटीने मला त्यांच्या घशाचा तांबूस रंग बराच उशिरापर्यंत दिसत राहतो, दहा पटीत तो आधी राखाडी होतो. घरपाकोळ्या त्याच वेळी घरट्यांकडे परततात, त्या वर्षभर रात्रीच्या मुक्कामालाही घरटी वापरतात. युरोपातली साधी पाकोळी मात्र या बाबतीत अचाटच आहे. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या लोकांनी तिच्या पाठीवर छोटी यंत्रं लावून २०१६ मध्ये दाखवून दिलं की घरट्याचा काळ सोडला तर ती दहा महिने जवळजवळ पूर्ण वेळ हवेतच असते, काही पक्षी तर त्या काळात एकदाही टेकले नाहीत. भिंगरीला हे जमणारं नाही, ती दमली की तार बघते. मला वाटतं दोघींमधला खरा फरक हाच आहे आणि पाय, पंख, उडण्याची ढब हे सगळं त्यातूनच आलंय, एकीला बसायचं असतं आणि दुसरीला फक्त लटकायचं.

दहा पट अगदीच वाया आहे असं म्हणत नाही. वर उंच एकटीच पाकोळी संथ तरंगतेय आणि शेपटी चौकोनी आहे की किंचित खाचेची हे बघायचंय, तिथे दहा पट उपयोगी पडते. किंवा तारेवर बसलेल्या भिंगऱ्यांमध्ये या वर्षीचं पिल्लू कुठलं, ज्याचा घसा फिकट आणि कडेची पिसं आखूड, हे लांबून बघायचं असेल तर. पण हातात धरून दहा पटीची थरथर पण दहा पट होते, आणि मान वर करून हात उचलून बघताना हात लवकर भरून येतात. वर बघायचंच असेल तर जमिनीवर पाठीवर झोपून बघा, कोपरं छातीला टेकतात आणि थरथर एकदम कमी होते. पाकोळ्या बघण्याची ही सगळ्यात चांगली पद्धत आहे आणि ती कुठल्याही दुर्बिणीला चालते.

अजून एक युक्ती जी नवीन लोकांना सांगायलाच पाहिजे. दुर्बीण लावून पक्षी शोधू नका. आधी नुसत्या डोळ्याने पक्ष्यावर नजर लावा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यासमोर आणा. आणि पक्षी तुमच्यापासून लांब जात असताना किंवा वळून परत येत असताना पकडा, आडवा जाताना पकडणं सगळ्यात अवघड. भिंगरीचं एक बरं असतं, ती एकाच पाण्यावरून त्याच वाटेने परत परत येते, तिची वाट दोन-तीन फेऱ्यांत कळते, मग फोकस आधीच लावून ठेवून तिची वाट बघायची.

आता तक्रारी. आयकप, म्हणजे डोळ्याला लावायच्या त्या रबरी कड्या, फिरवून वर-खाली करता येतात पण त्या मधल्या टप्प्यावर टिकत नाहीत. चष्मेवाल्यांनी त्या पूर्ण खाली ठेवायच्या असतात त्यामुळे मला त्रास नाही, चष्म्यातून पूर्ण चौकट दिसते, डोळ्यापासूनचं अंतर १७ मिलिमीटर आहे ते पुरेसं होतं. पण बिनचष्म्याच्या माणसाने जोरात डोळ्याला लावली की कड आत सरकते आणि कडेने काळ्या सावल्या यायला लागतात. उडत्या पक्ष्यामागे जाताना हे फारच त्रासदायक. दुसरं, सोबत आलेला पट्टा अगदी टाकाऊ आहे, सातशे ग्रॅम दिवसभर मानेवर लटकवून वर बघत राहायचं म्हणजे मान धरणारच. खांद्यांवरून जाणारा हार्नेस वेगळा घेतला आणि प्रश्न मिटला, पण तो सोबतच द्यायला काय हरकत होती! तिसरं, डायॉप्टरची कडी, उजव्या डोळ्याचा नंबर जुळवायची, ती लॉक होत नाही आणि पिशवीतून काढता-घालताना सरकते. मग एका डोळ्यात पक्षी धारदार आणि दुसऱ्यात धूसर, आणि बघणाऱ्याला वाटतं काच खराब आहे. मी आता त्या कडीवर खुणेचा पांढरा ठिपका करून ठेवलाय. सर्व्हिसचा अनुभव पण फार चांगला नाही, एका आयकपसाठी मेल केला तर उत्तर यायला बराच वेळ लागला आणि शेवटी पूर्ण जोडी घ्या म्हणाले.

पाण्याचं आणि धुळीचं मात्र काही टेन्शन नाही. चिखलाच्या काठावर पोटावर झोपून भिंगऱ्या बघितल्यात, दुर्बीण चिखलाने माखली, नंतर नळाच्या बारीक धारेखाली धुतली आणि मऊ कापडाने टिपली, काचेवर एक ओरखडा नाही. धूळ असताना कापड लावू नका, आधी फुंकर किंवा ब्रश.

वजन जास्त वाटत असेल तर ८×३२ बघा. रुंदी साधारण तेवढीच मिळते, कधी थोडी जास्तच, हाताला हलकी, फक्त झोत ४ मिलिमीटरचा त्यामुळे तिन्हीसांजेची गंमत थोडी कमी होणार. दिवसाउजेडी पाकोळ्या बघायच्या असतील तर ती सुद्धा उत्तम. छोट्या खिशातल्या ८×२१ वगैरे दुर्बिणी मात्र या कामासाठी घेऊ नका, डोळा जरा हलला की चित्र जातं, आणि इथे तर सगळंच हलत असतं. झूमवाल्या दुर्बिणी तर बघूच नका, कमी पटीला रुंदी अगदी चिंचोळी मिळते आणि तीच तर आपल्याला हवी आहे.

माझ्याकडून ८×४२ ला साडेचार स्टार. अर्धा स्टार आयकप आणि डायॉप्टरचा कापला, पट्ट्याचा कापत नाही कारण तो सगळ्यांचाच तसा असतो. घेताना दुकानाच्या आतल्या भिंतीवरचा बोर्ड वाचून दुर्बीण ठरवू नका, बाहेर घेऊन जा, वर बघा, पाकोळ्या नसतील तर कबुतरं असतील, कावळे असतील, जे उडतंय त्याच्या मागे दोन मिनिटं जा, चाक फिरवत राहा, किती वेळा पक्षी निसटला ते बघा, मग तीच गोष्ट दुसऱ्या दुर्बिणीने करा. दुकानदार बाहेर नेऊ देत नसेल तर दुसरं दुकान बघा.